काल्पनिक जगाचा धर्म रचताना आधी पंचांग ठरवा
नवा धर्म रचायला घेतलात की देवांची नावं शेवटी ठेवा. आधी ऋतू किती लांब आणि महिना कुठून मोजायचा, ते ठरवा. आपल्या इंदूरमध्ये हे दर वर्षी दिसतं. शेजारच्या हिंदी भाषक घरात श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. राखीपौर्णिमा एकाच दिवशी. पण त्यांचे श्रावणी सोमवार सुरू होतात तेव्हा आपल्याकडे आषाढच असतो. एवढ्या फरकावर कथेत दोन पंथ उभे राहतात: एकाचा उपास, त्याच दिवशी दुसऱ्याची पंगत.

मग ऋतू ताणा. समजा, पावसाळा सात वर्षांचा आहे. आपला चातुर्मास चारच महिन्यांचा, म्हणून कांदा-लसूण सोडणं, लग्नं थांबवणं निभतं. सात वर्षं कोण थांबेल? धान्य कुठे टिकेल? चितेला कोरडं लाकूड कोण पुरवेल? मला वाटतं, तिथला पुजारी तोच असेल, कोरड्या लाकडाच्या वखारीचा मालक. असे प्रश्न वहीत उतरवा आणि एका साध्या घरातला भर पावसाळ्यातला दिवस लिहून पाहा: चूल कधी पेटते, ताटात काय वर्ज्य आहे, पोरांना कशाची शपथ घालतात.