टाकळा ओळखताना पाने मोजावीत

पावसाची पहिली झड ओसरली की रस्त्याच्या कडेला, पडीक रानात आणि गोठ्यामागच्या उकिरड्याजवळ टाकळा दाटीने उगवतो. विदर्भात त्याला तरोटा म्हणतात, गोव्यात तायकिळो. ‘पिवळ्या फुलाची झुडूपवजा वनस्पती’ हे त्याचे वर्णन खरे असले, तरी भाजी खुडणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. कारण भाजी जून-जुलैत खुडायची असते, फूल पावसाळा उतरणीला लागल्यावर येते, आणि ते आले तरी कासविंदा, तरवड, सोनामुखी ही त्याची भावंडेही तशीच पाच पाकळ्यांची पिवळी फुले धरतात. म्हणून ओळख पानावरूनच पटवावी.

रोपाच्या मधल्या भागातले पूर्ण वाढलेले एक पान देठासकट खुडून तळहातावर ठेवावे. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात. प्रत्येक पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद, गोलसर असते, आणि शेवटची जोडी सर्वांत मोठी असते. आता पान उजेडात धरून खालच्या जोड्यांच्या बेचक्यात पाहावे. तिथे टाचणीच्या टोकाएवढी, उभी, नारिंगीसर ग्रंथी दिसते. तिन्हीसांजेला ही पाने मिटतात, त्यामुळे अंधार पडताना खुडायला जाऊ नये.

कासविंद्याच्या पानात जोड्या बहुधा चार ते सहा असतात, पर्णिकांना अणकुचीदार टोक असते आणि ग्रंथी जोड्यांच्या बेचक्यात नसून देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ, फुगीर गाठीसारखी असते. वासावर मात्र विसंबू नये, कारण चुरगळल्यावर टाकळाही उग्रच लागतो. कासविंद्याची शेंग चपटी, मध्ये तपकिरी आणि कडांना फिकट असते, तर टाकळ्याची बारीक, लांब आणि कोयत्यासारखी वाकलेली. हा फरक नुसता हौसेचा नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध कासविंद्याच्या शेंगा खाण्याशी असल्याचे २००७ मध्ये डॉक्टरांनी दाखवून दिले. मुले खेळता खेळता शेंगा सोलून खातात, तेव्हा अंगणाजवळचा कासविंदा शेंगा धरण्यापूर्वीच उपटलेला बरा.

तरवड चुकण्याजोगा नाही: झुडूप मोठे, पर्णिकांच्या जोड्या पुष्कळ आणि पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी जोडपाने. तेलंगणात बतुकम्मा सणाला फुलांची रास रचताना वापरतात ते तंगेडू म्हणजे हाच तरवड. बहावाही याच गोतावळ्यातला, पण तो वृक्ष आहे. पूर्वी या सर्वांना ‘कॅसिया’ या एकाच प्रजातीत धरत. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नेबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केलेल्या फेरमांडणीनंतर टाकळा, कासविंदा आणि तरवड ‘सेन्ना’त गेले, बहावा ‘कॅसिया’तच राहिला. बहाव्याच्या फुलातले तीन लांब, वळलेले पुंकेसर पाहिले की या वाटणीचे कारण कळते.

टाकळ्याचे एक संस्कृत नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण घालवणारा. त्यासाठी बिया वाटून लेप लावण्याची जुनी रीत आहे. पण चट्टे पसरत असतील, तर लेपात दिवस न घालवता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

भाजीसाठी फक्त शेंड्याची कोवळी पाने घ्यावीत. रोप गुडघ्याएवढे झाले की पाने निबर आणि कडू होतात. देठ काढून पाने दोन-तीन पाण्यांत धुवावीत, बारीक चिरावीत आणि लसूण-मिरचीच्या फोडणीत भिजवलेल्या डाळीसह किंवा उकडलेल्या आठळ्यांसह वाफवून वर खोबरे पेरावे. टाकळा सारक आहे; म्हणून पहिल्या दिवशी ताटात दोन घासच वाढावेत, आणि गरोदर बाईने तो वैद्यांना विचारल्याशिवाय खाऊ नये.