दाढ काढायला जाताय? पहिले चोवीस तास रक्ताची गुठळी जपा

दाढ काढायची असेल तर सकाळची वेळ घ्या. गोव्यात बरेचसे दवाखाने दुपारी बंद असतात. सकाळी दहाला दाढ काढली आणि नंतर रक्त थांबेना, तर संध्याकाळी डॉक्टर भेटतात. संध्याकाळी सातला काढून घेतली की पुढची अख्खी रात्र काढावी लागते. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात जाणार असाल, तर नोंदणी, तपासणी आणि एक्स-रे यांतच बराच वेळ जातो, तेव्हा अर्धा दिवस मोकळा ठेवा.

उपाशी जाऊ नका. नुसती जागा बधिर करून दाढ काढायची असते, तेव्हा नाश्ता आणि रोजच्या गोळ्या घेऊनच निघायचं. मधुमेह असेल तर हे अधिकच महत्त्वाचं. चालू औषधांच्या स्ट्रिप्स सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. दाढेचं रक्त दाबून थांबवता येतं, पण गोळी सोडल्यामुळे आलेला हृदयाचा किंवा मेंदूचा झटका तसा थांबत नाही. हाडं ठिसूळ झाल्यामुळे वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन घेतलं असेल, तर तेही आवर्जून सांगा. ते नेमकं विसरलं जातं, आणि त्यामुळे जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

दुखतंय म्हणून फेणीचा बोळा किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवू नका. हिरडी भाजते, पांढरी पडते, आणि दुखण्यात भरच पडते. पू झाला असेल तर बधिर करायचं औषध तिथे नीट लागू पडत नाही, म्हणून डॉक्टर कधी आधी पू काढतात, कधी काही दिवस औषध देतात. याला टाळाटाळ समजू नका.

वरच्या दाढेसाठी गालाच्या बाजूला आणि टाळूत इंजेक्शन देतात. टाळूतलं जास्त चुरचुरतं. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या टोकाला देतात, त्यामुळे अर्धा ओठ आणि जिभेची एक बाजू बधिर होते. औषधात अ‍ॅड्रेनालिन असेल तर मिनिटभर छाती धडधडू शकते. पाचेक मिनिटांत ओठ जाड लागायला हवा. तो लागत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आणखी औषध देता येतं.

मग डॉक्टर दाढ आणि हाड यांच्या फटीत एलिव्हेटर नावाचं पातळ हत्यार सारून दाढ सैल करतात, आणि चिमट्याने पकडून हळूहळू दोन्ही बाजूंना झुकवत बाहेर काढतात. दाब जाणवतो, जबडा ओढला जातो, कट्‌कन आवाजही येतो. हे सगळं अपेक्षितच आहे. धारदार कळ आली तर हात वर करा. रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ असते, तिचं मूळ तुटू शकतं. तेव्हा तुकडे करून काढतात, कधी टाके घालतात.

आता खरं काम तुमचं. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तिच्याखाली हाड झाकलेलं राहतं. पुढची सगळी पथ्यं या एका गुठळीसाठी आहेत. कापसाचा किंवा गॉजचा (पट्टीच्या जाळीदार कापडाचा) बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. तो चघळू नका, सारखा काढून पाहू नका. चोवीस तास थुंकणं, जोरात चूळ भरणं, स्ट्रॉने पिणं, सिगारेट आणि दारू बंद. तोंडात ओढ बसली की गुठळी उचकटते. लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नका, थेंबभर रक्तानेही ती रंगते. ताजं रक्त वाहतच असेल तर स्वच्छ गॉजची जाड घडी ओली करून नेमकी खड्ड्यावर ठेवा आणि तोंड न उघडता अर्धा तास दाबा. घडी शेजारच्या दातांवर बसली की काही उपयोग होत नाही. रक्त न थांबण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा.

बधिरपणा दोन-चार तास टिकतो. तोवर काही चावू नका, आणि लहान मुलांवर तर लक्षच ठेवा, कारण ती ओठ चावून जखम करून घेतात. नंतर थंड किंवा कोमट पेज, दहीभात, आंबील घ्या. काट्याची मासळी आठवडाभर नको. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात हलकेच फिरवा आणि खळखळ न करता सोडून द्या. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं असेल तर ते संपल्यावरही दोन दिवस दारूला हात लावू नका.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ते उलट वाढलं, कानापर्यंत ठणकू लागलं, तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. सिगारेट ओढणाऱ्यांना हे जास्त होतं, आणि खालच्या दाढांत जास्त. गोळ्या वाढवत घरी बसू नका. डॉक्टर खड्डा धुऊन लवंग तेलाची पट्टी भरतात आणि लवकर आराम पडतो. जबड्याखाली सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर मात्र लगेच १०८ ला फोन करा.

टाके साधारण आठवड्याने काढतात. रिकाम्या जागेचं काय करायचं ते त्याच भेटीत विचारा. अक्कलदाढ काढली असेल तर तिथे काहीच बसवावं लागत नाही.