चाकू कापतो छान, पण दिसतो बेढब? प्रमाणाच्या या चुका टाळा

धार उत्तम, पॉलिश चकचकीत, मुठीचे लाकूडही देखणे. तरी तयार चाकू समोर ठेवला की काहीतरी खटकत राहते. अशा वेळी बरेच जण पुन्हा पॉलिश पेपर हातात घेतात. पण दोष बहुतेकदा मापांचा असतो आणि तो पोलाद कापायच्या आधी, कागदावरच शिरलेला असतो.

सुरुवात पात्यापासून करणे

ही सगळ्यात मोठी चूक. आधी ऐटबाज पाते काढायचे आणि पोलादाच्या पट्टीवर जेवढी जागा उरेल तेवढ्यात मूठ बसवायची! पाते कामानुसार हवे तेवढे लहान-मोठे करता येते, हाताचा पंजा मात्र तेवढाच राहतो. मोठ्या माणसाच्या हाताला साधारण 100 ते 125 मिमी मूठ लागते. म्हणून आधी मूठ ठरवा, मग पाते. इथे सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे 1.618, कामी येते. मूठ 115 मिमी असेल तर लांब पात्यासाठी 1.618 ने गुणा, सुमारे 186 मिमी येते. आखूड पात्यासाठी भागा, सुमारे 71 मिमी. स्वयंपाकघरातल्या 210 मिमी पात्याच्या सुरीला 130 मिमीची मूठ शोभते, तिथेही हेच प्रमाण जवळजवळ तंतोतंत उतरते.

मात्र या आकड्याची पूजा करू नका. सोलायच्या सुरीचे पाते 80 आणि मूठ 105 मिमी असली तर ती गुणोत्तरात बसत नाही, पण हातात झकास बसते. माझ्या मते 5:8 एवढे ढोबळ प्रमाण डोक्यात असले की पुरे. लांबीतला दोन-तीन मिलिमीटरचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. जाड मूठ मात्र पहिल्या नजरेतच दिसते.

मूठ ओंडक्यासारखी ठेवणे

आराखडा आपण बाजूने काढतो, त्यामुळे वरून चाकू कसा दिसेल याचा विचारच होत नाही. 4 मिमी पोलादाला दोन्ही बाजूंनी 10 मिमीच्या लाकडी पट्ट्या चिकटवल्या की जाडी 24 मिमी झाली. कडा थोड्या गोल करून काम तिथेच थांबवले, तर पाते कितीही सुबक असो, चाकू बोजडच दिसणार. एवढी जाडी फक्त तळव्यात बसणाऱ्या फुगवट्याला ठेवा. पात्यालगत ती 16-18 मिमीपर्यंत उतरवा, फुगवट्यामागे पुन्हा थोडी कमी करा आणि शेवटी हात घसरू नये एवढीच रुंदी वाढू द्या. मुठीचा छेद अंडाकृती हवा. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठे आहे हे बोटांना कळत नाही. कानस मारताना चाकू वारंवार पाठीवरून बघा. मधली पोलादाची रेघ समोरच असते, तिच्या दोन्ही बाजूंना लाकूड सारखे उरले पाहिजे.

पाठीची रेषा मोडणे

पात्याच्या पाठीची रेषा मुठीत शिरताना अडखळली, की पाते एका चाकूचे आणि मूठ दुसऱ्याची वाटते. मूठ किंचित खाली झुकलेली चालते, पण तो झोक सलग हवा. पुठ्ठ्याचा साचा कापा, काळा रंगवा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. मग उलटा करून बघा. सरावलेली नजर जो उंचवटा झाकून टाकते, तो उलट्या आकारात लगेच दिसतो. पोलाद कापण्याआधी एवढी अर्धा तासाची मेहनत घ्याच.

जाडी आणि मधला सपाट भाग

पाठीची जाडी मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी ठेवली तर पाते पट्टीसारखे दिसते आणि वजनही पुढे जाते. मुठीपाशी 4 मिमी असेल तर टोकाकडे ती हळूहळू उतरत गेली पाहिजे. उलट, मुठीतली पोलादी पट्टी मुठीच्या पूर्ण आकाराची असेल तर वजन मागे पडते. म्हणून लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागात पाणी देण्याआधीच, म्हणजे पोलाद तापवून-विझवून कडक करण्याआधीच, भोके पाडून ठेवा. कडक झालेल्या पोलादात साधे ड्रिल चालत नाही.

मूठ आणि धार यांच्यामधला सपाट भाग लांबला की धार हातापासून दूर जाते आणि चाकू उगाच ताणल्यासारखा दिसतो. लहान चाकूला पाच-सहा मिलिमीटर पुरतात. पाते धारेकडे पातळ करणारा घासाईचा उतार जिथे सुरू होतो ती रेषा दोन्ही बाजूंना समोरासमोर यायला हवी. ती मुठीकडे सरकवता येते, पुढे आणता येत नाही. म्हणून सुरुवात खुणेच्या थोडी पुढूनच करा.

लाकडी पट्ट्या पक्क्या धरणाऱ्या पिनांचे अंतर मुठीच्या टोकांपासून मोजून भागत नाही. मूठ वाकडी असेल तर पिनाही त्याच वळणाच्या मधोमध हव्यात. आणि लाकडी पट्ट्यांची पुढची कड चिकटवण्याआधीच जुळवून, पॉलिश करून घ्या. नंतर तिथे कानस मारायला गेलात तर पात्यावर ओरखडे पडणारच.

चाकू बनून गेला असेल तर

जाड मूठ बारीक करणे सगळ्यात सोपे आहे आणि निम्म्या चाकूंचे रूप तेवढ्यानेच पालटते. लांब वाटणारी मूठ मागून कापता येते, फक्त शेवटच्या पिनामागे पुरेसे लाकूड राहू द्या. पात्याची रुंदी किंवा टोकाचा झोक बदलायचा असेल तर ग्राइंडरवर अगदी हलका हात ठेवा आणि दर फेरीनंतर पाते पाण्यात बुडवा. कडेला निळी झाक आली, तर त्या जागेचे पाणी उतरले असे समजा. तेवढा भाग घासून काढून पाते थोडे लहान करा, किंवा मूठ काढून पुन्हा पाणी द्या.