शिपिंग परिषदेला जाताना: खानदेशातील निर्यातदारांसाठी

रावेर-यावलच्या पट्ट्यातून न्हावा शेवामार्गे आखाती देशांत केळी पाठवणाऱ्यांनी, किंवा तसा विचार असलेल्यांनी, मुंबईत भरणाऱ्या सागरी परिषदेला एकदा तरी जावे. मात्र तेथे काय हाती लागेल आणि काय लागणार नाही, याचा अंदाज आधीच घ्यावा.

परिषदेचे साधारणपणे दोन भाग असतात. भाषणे आणि चर्चासत्रे होतात त्या सभागृहात बसण्यासाठी बहुधा प्रतिनिधी शुल्क भरावे लागते. प्रदर्शनात मात्र अनेकदा केवळ ऑनलाइन नोंदणीवर प्रवेश मिळतो. निर्यातदाराचे खरे काम प्रदर्शनातच होते, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने शुल्काचा खर्च करू नये, असे माझे मत आहे. नोंदणीचा क्यूआर कोड, फोटो ओळखपत्र आणि आयईसी (आयात-निर्यात कोड) क्रमांक छापलेली व्हिजिटिंग कार्डे सोबत असावीत. ऑक्टोबर 2025 मधील इंडिया मेरिटाइम वीक गोरेगावला भरला होता. अशा ठिकाणी भुसावळ-जळगावकडून जाणाऱ्यांना दादरला गाडी बदलावी लागते, तर नंदुरबारकरांना सुरतमार्गे बोरिवलीला उतरणे सोयीचे पडते.

सभागृहात सध्या हरित इंधने, बंदरांचे डिजिटायझेशन आणि वाढवण बंदर हे विषय हमखास असतात. डहाणूजवळच्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये मंजुरी दिली असून प्रकल्पाचा खर्च 76,220 कोटी रुपये धरलेला आहे. पण तेथून आपला कंटेनर निघायला अवकाश आहे. सामंजस्य करारांच्या घोषणा आणि त्यामागचे फोटो यांत अर्धा दिवस सहज जातो. तांबड्या समुद्राची चर्चा ऐकतानाही आपला माल कुठे जातो, हे ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर 2023 पासून तेथे जहाजांवर झालेल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपचा प्रवास सुमारे 10 ते 14 दिवसांनी लांबला. त्याची थेट झळ युरोपला सूत पाठवणाऱ्यांना बसते. दुबईला जाणारी केळी त्या वाटेने जातच नाहीत. मात्र जहाजे लांबच्या फेऱ्यांत अडकली की कंटेनरांची टंचाई होते आणि भाडे चढते, एवढा संबंध उरतोच.

स्टॉलवर जाताना आपल्या मालाचा तपशील एका कागदावर लिहून न्यावा: 40 फुटी रीफर (शीतकरणाची सोय असलेला) कंटेनर, सुमारे 20 टन केळी, तापमान 13 ते 14 अंश सेल्सिअस, पोहोचण्याचे बंदर आणि हंगामात आठवड्याला लागणारे कंटेनर. “केळी पाठवायची आहेत, भाव काय?” एवढ्याच प्रश्नाला माहितीपत्रक आणि पेन यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. भाड्याच्या आधी फ्री डेज, म्हणजे जादा आकार न देता कंटेनर ठेवता येणारे दिवस, विचारावेत. रिकामा रीफर यार्डातून उचलल्यापासून मोजणी सुरू होते. तो चारशेहून अधिक किलोमीटर येऊन रावेरच्या पॅकहाउसवर भरायचा आणि परत बंदरात पोहोचवायचा असतो. त्यात पाऊस किंवा मजुरांची अडचण आली की डिटेन्शन, म्हणजे मुदतीपलीकडे कंटेनर ठेवल्याचा आकार, लागते. वाटेत जेनसेट (रीफरला वीज पुरवणारे जनित्र) कोणाचा, तो बंद पडला तर जबाबदारी कोणाची, बंदरात प्लग-इनचे (रीफरला वीज जोडण्याचे) पैसे किती दिवसांनंतर लागतात आणि जहाज चुकले तर पुढचे कधी, हे प्रश्न त्यानंतर यावेत. तोंडी सांगितलेल्या भाड्यात टर्मिनल हाताळणी आणि इंधन अधिभार धरले आहेत की नाहीत, हे स्पष्ट विचारल्याशिवाय दोन कंपन्यांच्या दरांची तुलना करू नये.

स्टॉलवरची व्यक्ती अनेकदा दर ठरवणारी नसते. तिच्याकडून रीफर विभागात निर्णय कोण घेते, त्यांचे नाव आणि ईमेल घ्यावा. सकाळी मंत्री येऊन गेल्यानंतरची दुपार अशा बोलण्यासाठी बरी असते; शेवटच्या दिवशी मात्र जेवणानंतर स्टॉल आवरायला सुरुवात होते.

जहाजावर नोकरी शोधणाऱ्या तरुणांनी भरती कंपनीचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळावा; नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणाऱ्याशी बोलणे तेथेच थांबवावे.

परतल्यावर आठवड्याच्या आत त्याच तपशिलासह ईमेल पाठवून, मुदतीची तारीख असलेले लेखी दरपत्रक मागवावे आणि तेच आपल्या सध्याच्या फॉरवर्डरलाही (माल पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या एजंटलाही) दाखवावे.