ओपन हेडफोन आणि कोकणातलं घर: हेडफोनला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

सेकंडहँड सेनहायजर एचडी ६५० हा ओपन (मागून उघडा) हेडफोन घरी आला, त्या आठवड्यात मी मित्राला फोन करून सांगितलं होतं, "तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, अशी ऐकू येते की तानपुरा मांडीवर घेऊन बसल्यासारखं वाटतं. उजवीकडे तर विशेषच." त्या 'उजवीकडे तर विशेषच'मध्येच घोळ होता आणि तो कळायला मला तीन आठवडे लागले.

काळी एकच्या तानपुऱ्यातला खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. इतक्या खालच्या स्वराला हेडफोनचा पडदा चांगलाच पुढे-मागे होतो आणि त्याला एखादा केस टेकलेला असला तर तो केस त्याच स्वराला झणझणतो. एके दिवशी बातम्या ऐकत होतो. निवेदकाचा आवाज जाड. तर त्यालाही उजवीकडून जवारी! पॅड काढला, मोबाइलचा टॉर्च मारला. आतल्या पातळ स्पंजाच्या कडेने एक केस आत गेला होता, रंगावरून माझाच. चिमट्याने अलगद उचलला आणि माझी ती लाडकी जवारी निम्मी गेली. उरली ती तानपुऱ्याची.

म्हणून पहिली चूक ही: जास्त ऐकू आलं म्हणजे तपशील जास्त, असं समजणं. नवा-जुना कुठलाही हेडफोन आला की २० ते २०० हर्ट्झचा सरकता टोन बारीक आवाजात ऐका. कुठेही झर्र झालं, आणि एकाच बाजूला झालं, तर आधी पॅडखाली बघा. फुंकर मारू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात लावू नका. पडदा केसाहूनही पातळ असतो.

पाऊस, पंखा आणि व्हॉल्यूम

ओपन हेडफोनची मागची बाजू जाळीची. हेडफोनचा आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा तसाच आत येतो. ही रचना बाजारात आणली सेनहायजरनेच, १९६८ साली, एचडी ४१४ या मॉडेलमध्ये. मोकळं, डोक्याबाहेर पसरल्यासारखं ऐकू येतं ते या जाळीमुळे. पण आपलं घर कौलारू, जून ते सप्टेंबर कौलांवर पाऊस, उरलेल्या महिन्यांत डोक्यावर पंखा. माणूस नकळत व्हॉल्यूम वाढवत नेतो. मग झांज टोचायला लागते आणि आपण म्हणतो, "ट्रेबल फार आहे."

माझं मत बदललं ते लाइट गेल्यामुळे. रात्री साडेअकराची गोष्ट, फोनला लहानसा डॅक (डिजिटल गाण्याचा आवाज करणारं उपकरण) लावून एक जुनं भजन ऐकत होतो. लाइट गेली. पंखा थांबला, माजघरातला फ्रिज गप्प झाला. गाणं चालूच होतं, फक्त अचानक मोठं वाटायला लागलं. मी व्हॉल्यूम कमी केला, पुन्हा कमी केला, मग आणखी दोन घरं. टाळ वाजून विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू येत होता, जो मला त्या हेडफोनवर कधीच ऐकू आला नव्हता. दहा मिनिटांनी लाइट आली आणि सगळं परत नेहमीसारखं.

पंख्याबद्दल आणखी एक. त्याचा आवाज ही एक गोष्ट, वारा ही दुसरी. जाळीवरून वारा गेला की गाण्याखाली बारीक फडफड चालू राहते आणि लोक त्याला विकृती समजतात. खुर्ची पंख्याखालून हलवा. पावसाच्या रात्री सरळ क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद हेडफोन घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

व्हॉल्यूम वाढवून पावसाशी स्पर्धा करू नका, कारण कान परत मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०.

तुलना करताना

दोन हेडफोन किंवा दोन अँप (हेडफोनला ताकद देणारे अँप्लिफायर) यांच्यात जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला 'चांगला' वाटतो. बॅलन्स्ड जॅक (दोन्ही बाजूंच्या वायरी पूर्ण वेगळ्या असलेला) लावल्यावर 'पडदा उठल्यासारखं' वाटतं त्यात मोठा वाटा याचाच: बऱ्याच अँपमध्ये बॅलन्स्डचा आवाज ६ डेसिबलपर्यंत जास्त असतो. आधी आवाज जुळवा, मग मत द्या. आणि ऐकायला ते घ्या जे कानाने प्रत्यक्ष ऐकलंय. मी दशावतारातली झांज घेतो, कारण ती जत्रेत चार हातांवरून ऐकलेली आहे. ती हेडफोनवर पत्र्यासारखी वाजली तर मला लगेच समजतं.

३०० ओम ऐकून घाबरणं

"३०० ओम आहे, मोठा अँप लागेलच" हे वाक्य दुकानात आणि मित्रमंडळीत सारखंच ऐकू येतं. ओम म्हणजे हेडफोन विजेला करतो तो विरोध. नुसत्या त्यावरून काही ठरत नाही. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की १०३ डेसिबल मिळतात. तेवढा व्होल्ट चांगला लहान डॅकसुद्धा देतो. उलट काही प्लॅनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनांचे ओम कमी दिसतात, पण संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या विजेत मिळणारा आवाज, इतकी कमी असते की तिथे खरोखर दमाचा अँप हवा. पैसे मोजण्याआधी दोन्ही आकडे बघा. व्हॉल्व्हचा अँप घेणार असाल तर त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अँपचे स्वतःचे ओम, हेही विचारा. तो जास्त असला की एचडी ६५० सारख्या हेडफोनचा बेस फुगतो. काहींना तो आवडतो, पण मग तो गोडवा हेडफोनच्या नावावर जमा करू नका.

एक बाजू बारीक

हेडफोन उलटा घाला, डावा उजव्या कानावर. बारीक बाजू कानाबरोबर राहिली तर हेडफोन ठीक आहे, कान दाखवून या. मी दाखवून आलो. मळ निघाला आणि 'चॅनेल इम्बॅलन्स' (दोन बाजूंच्या आवाजातला फरक) बरा झाला. बारीक बाजू हेडफोनबरोबर फिरली तर वायर अदलाबदल करून बघा, मग जॅक. आमच्या खाऱ्या हवेत जॅक काळवंडतो. फिरवल्यावर खरखर आली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फक्त अगदी बारीक व्हॉल्यूमवर एक बाजू कमी वाटत असेल तर दोष बहुतेक अँपच्या व्हॉल्यूमच्या बटणात.

गुणगुण

चार्जर काढला की गुणगुण थांबते? मग ती विजेतून येतेय. आमच्याकडे ती एप्रिल-मे महिन्यांत वाढायची. जांभ्याची जमीन वाळली की अर्थिंग कमजोर पडतं. इलेक्ट्रिशियनने अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावलं, गुणगुण बरीच उतरली. प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शॉक बसून माणूस जाऊ शकतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर अँप घुंई करत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर न देणारा) आहे का ते बघा.

खोबरेल तेल आणि दमट हवा

या दोघांनी जेवढे पॅड खाल्लेत तेवढे कशानेच नाहीत. डोक्याला तेल लावून हेडफोन घालू नका, एवढं सांगूनही मी स्वतः दर रविवारी विसरतो. तेल प्यायलेला मखमली पॅड आधी चिकट होतो, मग चपटा. पॅड चपटा झाला की ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) कानाजवळ येतो आणि आवाजाचा तोल बदलतो. 'हेडफोन जुना झाला, मजा गेली' म्हणणाऱ्यांनी आधी पॅड बदलून बघावेत. मखमली पॅड कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुता येतात, पण धुवायचे तर पावसाळ्याआधी. जुलैमध्ये मी धुतले, तीन दिवस पडवीत ठेवले, चौथ्या दिवशी त्यांना बुरशीचा वास.

आईला तो वास आलाच. "तांदळाच्या डब्यात घाल, मोबाइल घातलंलंस तसो," ती म्हणाली. तेवढं करू नका. तांदळाची भुकटी आणि किडे दोन्ही जाळीतून आत जातात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि हेडफोन पूर्ण कोरडा करून मगच आत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की पातेल्यात मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात, फक्त ते पातेलं पुन्हा जेवणाला वापरायचं नाही. आमचं पातेलं आता पडवीतच असतं. आईने त्यावर खडूने 'हेडफोन' असं लिहून ठेवलंय.