मंगळावर खोरं पाडणारा आरसा: ट्रेमधलं मॉडेल कसं बांधायचं

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठीच्या या मॉडेलमधलं यंत्र काल्पनिक आहे. मंगळाभोवती फिरणारा एक प्रचंड आरसा जमिनीखालच्या बर्फावर ऊन पाडतो, बर्फ वितळतो, वरची जमीन खचते आणि लोंढा खोरं पाडत उताराला लागतो. यंत्र काल्पनिक असलं, तरी जमीन मात्र खरीच वागली पाहिजे. म्हणून एक नियम पक्का ठेवा: खोरं सुरीनं किंवा चमच्यानं कोरायचं नाही, ते पाण्यानंच पडू द्यायचं.

ट्रेला हात लावण्याआधी आरशाचा हिशेब करा, कारण परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात. मंगळाजवळ दर चौरस मीटरला सुमारे ५९० वॅट ऊन मिळतं, पृथ्वीजवळच्या निम्म्याहून कमी. उणे ६० अंशांवरचा १ किलो बर्फ वितळायला साधारण ४५० किलोज्यूल लागतात. सोलापुरात उजनी धरणामुळे टीएमसी (शंभर कोटी घनफूट) हे माप घरोघरी कळतं, तेव्हा त्यातच सांगा. १ टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. एवढं पाणी एका मंगळदिवसात, म्हणजे २४ तास ३९ मिनिटांत, वितळवायचं तर आरसा सुमारे २४५ चौरस किलोमीटरचा लागेल. गोल धरला तर साडेसतरा किलोमीटर व्यासाचा, तोही उष्णता कुठंच वाया गेली नाही असं मानून.

दुसरा प्रश्न हवेचा. मंगळावर हवेचा दाब सरासरी ६ मिलिबारच्या आसपास आहे, पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी. तिथं उघड्यावरचं पाणी थोडं उकळून उडून जाईल आणि उरलेलं गोठेल. त्यामुळे तक्त्यावर क्रम स्पष्ट लिहा: आधी हवा दाट करणं, मग आरसा, मग पाणी. हा क्रम चुकला की सगळी कल्पनाच कोसळते.

ट्रे ४ फूट बाय २ फूट, ४ इंच खोल, जीआय पत्र्याचा करून घ्या. खालच्या टोकाला तळापासून दीड इंचावर पाऊण इंची भोक ठेवा. वाळू म्हणून धुतलेली क्रश सँड सर्वांत चांगली, आणि इथं सोलापूरचा फायदा आहे: आपल्याकडच्या क्रशरवरचा काळा दगड बेसाल्ट आहे आणि मंगळाची बरीचशी जमीनही बेसाल्टचीच. सगळी वाळू लाल रंगवू नका. मंगळाचा लालपणा मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडच्या धुळीचा आहे, तेव्हा काळ्या वाळूवर शेवटी गेरूची पूड चाळणीनं भुरभुरवा. लोंढ्यानं गेरू धुऊन खालची काळी वाळू उघडी पडते, तेव्हा प्रवाहाची वाट आपोआप दिसते. शेतातली काळी माती मात्र टाळा. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते.

वाळू चार घमेली लागते. वजन ६० किलोच्या पुढं जातं, म्हणून शाळेचा डुगडुगणारा बाक चालणार नाही. वरच्या तीन फुटांत ३ इंच थर द्या, खालचा फूटभर भाग तळ्यासाठी मोकळा सोडा. वरच्या टोकाखाली एक वीट आडवी ठेवली की साडेतीन अंशांचा उतार मिळतो. वीट कडेवर उभी केलीत तर उतार पाच अंशांच्या जवळ जातो आणि पाणी वळण न घेता सरळ घळ पाडून मोकळं होतं.

पाण्यासाठी कूलरचा पंप बादलीत सोडा. तो गरजेपेक्षा फार जास्त पाणी फेकतो, म्हणून टी (तीन तोंडांचा जोड) लावून जादा पाणी बादलीतच परत घ्या आणि कॉकनं धार अशी बांधा की लिटरची बाटली भरायला एक मिनिट लागेल. ट्रेच्या खालच्या भोकातून पाणी बादलीत परत येतं, त्या भोकावर नायलॉनच्या जुन्या साडीचा तुकडा बांधा. टॉवेल बांधू नका, तो गाळानं लगेच तुंबतो. गाळणी नसेल तर वाळू पंपात जाऊन पंखा अडकतो.

आता बर्फ. ताटात दीड सेंटिमीटर जाडीच्या लाद्या गोठवा, एकूण अर्धा किलो. वाळू आधी पूर्ण भिजवून घ्या, लाद्या वरच्या टोकाला एकमेकींपासून बोटभर अंतरावर ठेवा, त्यांवर २ सेंटिमीटर ओली वाळू आणि मग गेरू. ३० सेंटिमीटरवरून २०० वॅटचा दिवा लावा. सगळी उष्णता बर्फाला मिळाली तरी १४ मिनिटं लागतात, प्रत्यक्षात बरीच जास्त. म्हणून बर्फ प्रदर्शन उघडायच्या पाऊण तास आधी पुरा. दिव्याच्या आणि पंपाच्या वायरीचे जोड टेबलाच्या वर, ओल्या भागापासून लांब बांधा.

लादी वितळू लागली की आधी गेरूवर केसासारख्या भेगा येतात, मग कडा तुटून ढेकळं तिरकी होऊन खाली बसतात. मंगळावर पुराच्या मोठ्या वाटांच्या उगमाशी असा खचलेला, तुकड्या-तुकड्यांचा प्रदेश खरोखरच आहे. ढेकळं बसली की मगच पंप सुरू करा.

पाणी वर न दिसता ट्रेच्या तळातूनच निघून गेलं, तर वाळू कोरडी राहिली होती. पंप बंद करून पुन्हा भिजवा. खोऱ्याचे काठ सारखे ढासळत असतील तर धार जास्त आहे. तळ्याच्या तोंडाशी गाळ पंख्याच्या आकारात पसरत नसेल तर तळ्यात पाणी कमी आहे. ते निदान दीड इंच हवं, म्हणजे बाहेर जायच्या भोकाच्या पातळीला.

तक्त्यावर प्रमाणाचीही ओळ लिहा. मंगळावरची व्हॅलेस मॅरिनेरिस दरी सुमारे ४,००० किलोमीटर लांब आणि ७ किलोमीटरपर्यंत खोल आहे. ती चार फुटांत बसवली तर खोली जेमतेम २ मिलिमीटर येते. आपलं खोरं ५ सेंटिमीटर खोल गेलं, तर उभं प्रमाण जवळपास २५ पट फुगवलेलं आहे. शिवाय मंगळाचं गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के असल्यानं तेवढ्याच उताराला, तेवढ्याच खोलीचं पाणी तिथं आपल्या सुमारे ६० टक्के वेगानं वाहील.

पुन्हा मांडायला वीस मिनिटं धरा. वाळू फावड्यानं वर ओढा, फळीनं सपाट करा, गेरू नवा घाला. काम संपल्यावर वाळू गोणीत भरून ठेवा, शाळेच्या मोरीत टाकू नका.