थॉमस बेकेट यांचे चरित्र कसे वाचावे

इंग्लंडमधील कँटरबरीचे आर्चबिशप (तेथील चर्चचे प्रमुख धर्मगुरू) थॉमस बेकेट यांची २९ डिसेंबर ११७० रोजी त्यांच्याच कॅथेड्रलमध्ये हत्या झाली आणि २१ फेब्रुवारी ११७३ रोजी पोप तिसरे अलेक्झांडर यांनी त्यांना संतपद दिले. त्यांची जवळजवळ सर्व जुनी चरित्रे या हत्येनंतर लिहिली गेली असल्यामुळे त्यांत लहानपणापासूनच रक्तसाक्षीची, म्हणजे धर्मासाठी प्राण देणाऱ्याची, चिन्हे शोधलेली आढळतात; म्हणून वाचनाची सुरुवात चरित्रांपासून न करता हत्येपूर्वीच्या कागदपत्रांपासून करावी. बखर आणि अस्सल पत्र यांतले अंतर जाणणाऱ्या मराठी वाचकाला याचे कारण वेगळे सांगायला नको.

प्रथम ११६२ सालाकडे नीट पाहावे. लंडनमधील एका नॉर्मन कुटुंबातला हा मुलगा आर्चबिशप थिओबाल्ड यांच्या पदरी वाढला आणि पुढे राजा दुसरा हेन्री याचा चॅन्सेलर, म्हणजे राजाच्या कारभारातला वरिष्ठ अधिकारी, झाला. २ जून ११६२ रोजी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी ते आर्चबिशप झाले. यानंतर ते एकाएकी पालटले, असे चरित्रकार सांगतात. तो दावा लगेच मान्य करू नये आणि फेटाळूही नये. चॅन्सेलरपद त्यांनी सोडले, एवढी निश्चित घटना हाती धरून पुढे जावे.

त्यानंतर जानेवारी ११६४ मधील क्लॅरेंडनची कलमे, म्हणजे राजा आणि चर्च यांच्या अधिकारांबाबत राजाने मांडलेले नियम, वाचावीत. ती १६ आहेत, पण वेळ कमी असेल तर तिसऱ्यावर थांबावे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या धर्मसेवकाने आधी राजाच्या न्यायालयात हजर व्हावे, त्याची चौकशी चर्चच्या न्यायालयात व्हावी आणि दोष सिद्ध झाल्यास चर्चने त्याला पाठीशी घालू नये, म्हणजे राजाच्या न्यायालयाला त्याला शिक्षा देता यावी, असा त्याचा आशय आहे. एकाच अपराधाला दोनदा शिक्षा नको, हा बेकेट यांचा आक्षेप होता. त्यांनी आधी तोंडी संमती दिली, मग मागे घेतली, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये आश्रय घेतला. ही चलबिचल भक्त चरित्रकारांना अडचणीची वाटते. वाचकाने मात्र ती वगळू नये.

वनवासातील पत्रव्यवहार वाचताना लंडनचे बिशप गिल्बर्ट फोलिऑट यांचे ११६६ चे प्रदीर्घ पत्र आवर्जून घ्यावे. त्यात बेकेट यांच्यावर इतकी कडवट टीका आहे की, संत म्हणून त्यांना ओळखणारा वाचक दचकतो. विरोधकाची बाजू इतक्या सविस्तर स्वरूपात क्वचितच हाती लागते.

हत्येपाशी येऊन मगच चरित्रे उघडावीत, आणि तीही शेजारी शेजारी ठेवून. चरित्रकारांपैकी एडवर्ड ग्रिम हा प्रत्यक्षदर्शी होता व बेकेट यांना सावरताना त्याचा स्वतःचा हात तलवारीने जबर जखमी झाला. विल्यम फिट्झस्टीफनही तेथे होता. हर्बर्ट ऑफ बोशम हा निष्ठावंत सहकारी मात्र नव्हता, म्हणून या प्रसंगापुरते त्याचे लेखन ऐकीव समजावे. हत्या करणाऱ्या चार सरदारांची नावे निश्चित आहेत, पण पहिला घाव कोणाचा, यावर वृत्तांत एकमत नाहीत. जेथे मतभेद आहे तेथे तो टिपून ठेवावा, सरासरी काढू नये. ‘या उपद्रवी धर्मगुरूपासून मला कोणी सोडवील काय?’ हे राजाच्या तोंडी घातलेले प्रसिद्ध वाक्य त्या रूपात समकालीन वृत्तांतांत नाही. ग्रिमच्या लेखात राजा आपल्या घरी पोसलेल्या माणसांच्या निष्क्रियतेवर संतापतो. प्रेताच्या अंगावर सापडलेल्या केसाळ कापडाच्या वस्त्राने (देहदंड म्हणून आतून घालायच्या टोचऱ्या वस्त्राने) कॅथेड्रलमधील भिक्षूंचे बेकेट यांच्याविषयीचे मत बदलले, यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण ते वस्त्र बेकेट किती वर्षे वापरत होते, हे त्यावरून ठरत नाही.

चमत्कारांचे दोन मोठे संग्रह सर्वांत शेवटी वाचावेत, कारण त्यांतून बेकेट यांच्यापेक्षा समाधीवर येणाऱ्या आजारी, गरीब यात्रेकरूंचीच अधिक माहिती मिळते. एखाद्या इंग्लिश प्रार्थनाग्रंथाच्या हस्तलिखितात २९ डिसेंबरच्या नोंदीवर खाडाखोड आढळली, तर राजा आठवा हेन्री याने समाधी उद्ध्वस्त केली त्या १५३८ सालचा, बेकेट यांचे नाव पुसण्याचा आदेश आधी आठवावा.